वाघमारेबाईंचा एकुलता एक पिक्चर

'दोन्ही बाजूंनी' हा मराठी चित्रपट तुम्ही पाहिलेला नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ज्यांनी पाहिला त्यांतल्या बहुतेकांना मी नावानं ओळखतो, आणि निम्म्यांच्या खुर्च्या मीच वर चढवल्या होत्या.

प्रेमाचा विनोदी चित्रपट आहे. त्यात कुणी मोटारसायकलवरून कुणाच्या मागे लागत नाही, परदेशात जाऊन गाणं म्हणत नाही, विमानतळावर धावत नाही. बावन्न वर्षांची एक बाई विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासते. पंचावन्न वर्षांचा एक माणूस त्या प्रबंधांच्या झेरॉक्स काढतो. हैदराबादच्या विद्यानगरातल्या एका गल्लीत हे दोघं दीड तास एकमेकांच्या चुका काढतात, आणि शेवटी जे व्हायचं ते होतं. काय होतं ते सांगत नाही. तुम्ही पाहाल अशी आशा नाही, तरी शिस्त म्हणून.

हा पिक्चर काढला आमच्या वाघमारेबाईंनी. शकुंतला वाघमारे. मी ज्या विमा कंपनीत नोकरी करतो तिथं त्या हेडक्लार्क होत्या. त्यांचे वडील नांदेडकडचे, रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी लागली म्हणून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. बाईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही, असं शाखेत नवीन आलेल्या प्रत्येकानं एकदा विचारलं. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

बाईंच्या कौतुकाची आम्हाला धास्ती असे. रागावल्या तर माणूस सुटला. कौतुक केलं तर संपला. मी चांगलं काम केलं तर मी नुसता 'कदम' असायचो. चूक केली की 'कदमसाहेब' व्हायचो. चोवीस वर्षांत मला बढती कंपनीनं दोनदा दिली; बाईंनी आठवड्यातून तीनदा दिली. एखादी गोष्ट खरोखर आवडली, तर त्या म्हणत, "वाईट नाही. वाईट व्हायलाही मेहनत लागते." याच्यावर त्यांच्याकडे शब्द नव्हता.

आमचे एक शाखाधिकारी निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण बाईंकडे आलं. बाई उठल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "साहेबांनी या शाखेला कुटुंब मानलं. घरात जसं कुणी कुणाचं ऐकत नाही, तसं इथंही त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही. साहेबांची शिस्त अशी, की सकाळी दहाला त्यांच्या सहीसाठी गेलेल्या माणसाला एकांत हमखास मिळायचा." साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते भाषण मागून घेतलं आणि घरी फ्रेम करून लावलं. अजून आहे म्हणतात.

दर रविवारी सकाळच्या खेळाला बाई एकट्या पिक्चरला जात. तेलुगू असो, हिंदी असो, मराठी चुकून लागलाच तर मराठी. अट एकच, प्रेमाचा आणि हसवणारा पाहिजे. सोमवारी डब्याच्या वेळी निकाल लागे.

"नायक चार महिने तिच्या मागं फिरला. पाचव्या महिन्यात तिला प्रेम झालं," त्या भाकरी मोडत सांगायच्या. "आमच्या गल्लीत पहिल्याच आठवड्यात पोलीस आले असते. गल्ली मागासलेली, दुसरं काय."

"मग जाता कशाला बाई, दर आठवड्याला?" मी एकदा विचारलं.

"आशा, कदम," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तंबाखू आहे. मला हे."

निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना बाईंनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी पेढ्यांसोबत त्यांनी जाहीर केलं, की आपण प्रेमाचा विनोदी पिक्चर काढणार आहोत, आणि मोबाइलवर काढणार आहोत. शाखेनं टाळ्या वाजवल्या. कुणी बागकाम करतं, कुणी यात्रेला जातं, बाई पिक्चर काढतात. सगळ्यांना वाटलं, दोन महिन्यांत उतरेल. मलाही वाटलं. फरक इतकाच, की बाईंनी मला येत्या रविवारी आठ वाजता थर्माकोलचा पांढरा पत्रा धरायला बोलावलं होतं. नायकाच्या तोंडावर उजेड पाडायला तो लागतो. नाही म्हणायची सवय मला बाईंसमोर कधी लागलीच नव्हती.

कॅमेरा म्हणजे बाईंच्या भाचीचा, प्राचीचा, फोन. प्राची एडिटिंग शिकलेली, हुशार, मराठी घडाघडा बोलणारी आणि मराठी वाचताना दुसरीतल्या मुलीसारखी अक्षरांवर बोट ठेवणारी. बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलेली संहिता तिनं फोनवर इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतली. "मराठी प्रबंध तपासणाऱ्या बाईची गोष्ट," बाई म्हणाल्या, "आणि कॅमेरा धरणाऱ्या मुलीलाच मराठी वाचता येत नाही. मराठीचं भविष्य फार उज्ज्वल आहे. दिसत नाही, इतकं उज्ज्वल."

नायक म्हणून त्यांनी आधी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत तीस वर्षं नायक असलेल्या एका गृहस्थांना घेतलं. शूटिंग विद्यानगरच्या एका खऱ्या झेरॉक्सच्या दुकानात होतं. गृहस्थांनी मशीनवर हात ठेवला, श्वास भरला आणि पहिलं वाक्य असं म्हटलं, की रस्त्यापलीकडचा इडलीवाला धावत आला. बाईंनी पाच वेळा घेतलं. मग अदबीनं म्हणाल्या, "साहेब, तुम्ही फार मोठ्यानं प्रेम करता. शेजारपाजारच्या बायांना वाटायचं, आपल्यालाच म्हणताहेत." गृहस्थ त्याच दिवशी गेले, आणि मंडळात सगळ्यांना सांगितलं की संहितेतच दम नव्हता.

दुकानाचे मालक नरसिंगराव हे सगळं कोपऱ्यात उभं राहून बघत होते. तेलुगू माणूस, विधुर, बोलणं आमच्या हैदराबादी हिंदीत. त्यांना अभिनयाचं काही वाटलं नव्हतं. गृहस्थ कागद उलटा घालत होते याचं वाईट वाटलं होतं. "अम्मा, कागज ऐसा नक्को डालो बोलो उनकू," ते कळवळून म्हणाले, "मशीन खराब होता." आणि कागदाचा गठ्ठा हातात घेऊन, अंगठ्यानं फरकन हवा भरून, कडा ठोकून त्यांनी तो ट्रेमध्ये सरकवला. बाई त्या हातांकडे बघत राहिल्या. नायक ठरला. अडचण एकच: मशीन चालू असेल तरच नरसिंगराव बोलू शकत. बंद मशीनसमोर त्यांचा पुतळा व्हायचा. त्यामुळे अख्ख्या पिक्चरभर प्रेमाच्या मागे एक घरघर आहे. एका परीक्षकानं पुढे तिला 'अर्थपूर्ण ध्वनियोजना' म्हटलं. बाई दोन दिवस खूश होत्या.

नायिका माझी बायको, सुनंदा. ही बातमी मलाही तुमच्याइतकीच अचानक कळली. ती त्या रविवारी माझा डबा घेऊन आली होती, आणि मी चष्मा घरी विसरलो म्हणून दुकानाच्या पायरीवर उभी राहून मला झापत होती. बाईंनी प्राचीला खूण केली. "हीच," त्या म्हणाल्या. "बोलताना कुणी बघत असेल याची हिला पर्वाच नाही." सुनंदा उदगीरची, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत तिच्याबद्दल मला एक गोष्ट पक्की कळली होती, की तिला दुधी भोपळा आवडत नाही. तीही चुकीची निघाली. आता ती डोळ्यांवर चष्मा चढवून, हातात पेन्सिल घेऊन, "'दृष्टिकोन'ला वेलांटी पहिली लागते हो, दुसरी नक्को," असं नरसिंगरावांना सांगू लागली, आणि मी पांढरा पत्रा धरून माझ्याच बायकोच्या तोंडावर उजेड पाडू लागलो.

चौथ्या रविवारी तो प्रसंग आला. संहितेत असं होतं, की नायिका शेवटचा प्रबंध घेऊन येते, आता तिचं इथलं काम संपलंय, आणि नायक धीर करून म्हणतो, 'तुम्ही रोज आलात तर बरं वाटेल.' मशीन सुरू झालं. सुनंदानं कागद पुढे केला. नरसिंगराव वाक्य विसरले. त्यांनी कागद घेतला. वरून पाहिला. उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ते बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिले, मग सुनंदाकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम... दोनों साइड करूँ?"

बाईंनी थांबवलं नाही. सुनंदानं चष्मा काढला. "करा," ती म्हणाली. "पण दुसरी बाजू फिकट येते हल्ली."

"कलीच टोनर बदला मैं," नरसिंगराव म्हणाले.

बाई म्हणाल्या, "वाईट नाही," आणि पदर सावरत बाहेर गल्लीत गेल्या. आमच्याकडे पाठ करून त्या बराच वेळ समोरच्या भिंतीवरची क्लासची जाहिरात वाचत होत्या. ती जाहिरात तेलुगूत होती, आणि बाईंना तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. त्या दिवशी पिक्चरचं नाव बदललं.

मी त्या दिवशी घरी नीट जेवलो नाही. कारण काही नव्हतं. पन्नाशीच्या पुरुषाला कारण नसलं की तो भाजीला नावं ठेवतो, तशी ठेवली.

खरं कारण अजून मिळायचं होतं, ते वरच्या मजल्यावर तयार होत होतं. आम्ही अंबरपेठला राहतो. वर माझे थोरले भाऊ, अण्णा. आमचे वडील शेती सोडून इथं आले, पण अण्णांनी गावाकडची पाटीलकी सोडलेली नाही, फक्त ती आता अपार्टमेंटच्या सोसायटीपुरती उरलीय. एका संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं.

"सुनंदा पिक्चरात काम करती म्हणं."

"हौ."

"कुणाच्या?"

मी सांगितलं.

अण्णांनी पेपराची घडी घातली. "वाघमारे," ते म्हणाले, नाव जिभेवर घोळवत. "म्हणजे त्या लोकांच्या पिक्चरात आपल्या घरची बाई. अन् तिला दाखवणारबी त्यांच्यातलीच. लोकांनी काय समजायचं?"

मी अत्यंत ठामपणे गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून सांगितलं, की सुनंदाला ताप आहे, काही दिवस जमणार नाही. सुनंदाला सांगितलं, की बाईंनीच शूटिंग पुढे ढकललंय. दोन्हीकडे एकेक खोटं. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाई मोसंबी घेऊन आल्या. दार सुनंदानं उघडलं, हाताला पीठ लागलेलं, तब्येत ठणठणीत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"ताप उतरला वाटतं," बाई म्हणाल्या. "मोसंबी कदमसाहेबांना द्या सुनंदाताई. गरज त्यांना दिसतेय."

आवाज ऐकून अण्णा खाली आले. "या, बसा ना," ते म्हणाले. अण्णांची सभ्यता फार जुनी आहे. ती माणसाला खुर्चीपर्यंत आणते आणि तिथं सोडून देते. सुनंदा आत गेली. तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेले कप काढले, चार कप चहा आणला, पहिला बाईंना दिला, दुसरा अण्णांसमोर ठेवला. अण्णांनी कपाकडे पाहिलं. "मी आत्ताच घेतला," ते म्हणाले.

बाईंनी आपला कप खाली ठेवला. "अण्णासाहेब, तुम्ही वडीलधारे. तुम्ही घेतला नाही तर मी कशी घेऊ? आणि दोघांनीही टाकला तर सुनंदाताईंना वाटायचं, आपला चहाच नासला. थांबते मी. मला काही घाई नाही. निवृत्त बाई आहे."

आणि त्या खरोखर थांबल्या. हात मांडीवर ठेवून, भिंतीवरच्या आमच्या आजोबांच्या फेट्यातल्या फोटोकडे कौतुकानं बघत. चहावर साय धरली. शेवटी अण्णांनी कप उचलला आणि औषध घ्यावं तसा तीन घोटांत संपवला. मग बाईंनी आपला घेतला, सावकाश, बशीत ओतून.

जिन्यात मी त्यांना सोडायला गेलो. म्हटलं, "बाई, अण्णा जुन्या वळणाचे आहेत. मी काही तसं बोललो नाही."

बाई दोन पायऱ्या खाली थांबल्या. त्या वेळी आवाजात उपरोध नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "कदम," त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलला नाहीत, ते मला ऐकू आलं."

रविवारी सकाळी सुनंदा एकटीच तयार झाली. "तुम्ही यायची गरज नाही," ती चप्पल घालताना म्हणाली. "थर्माकोल मी खुर्चीला टेकवून ठेवीन. खुर्ची निदान कुणाला ताप आल्याचं सांगत नाही." ती रिक्षानं गेली. मी मागच्या बसनं गेलो आणि पत्रा उचलला. नरसिंगरावांनी मला पाणी दिलं, एवढंच.

पिक्चर पुरा झाला आणि आमच्या मराठी मंडळानं तो वार्षिक कार्यक्रमात दाखवायचं ठरवलं. मंडळाचं नाव सांगत नाही. हैदराबादेत मराठी मंडळं पुष्कळ, प्रत्येकाला वाटेल आपल्याबद्दलच आहे. चिक्कडपल्लीतल्या एका हॉलवर समितीनं पिक्चर पाहिला आणि बाईंना सूचना केल्या. सुनंदा आणि मी बाजूला बसलो होतो.

पहिली सूचना भाषेची. नायिका 'हौ' आणि 'नक्को' म्हणते. शुद्ध मराठी हवं, मुलांवर परिणाम होतो. ही सूचना अध्यक्षांनी केली तेव्हा त्यांचा नातू शेजारी फोनवर इंग्रजीत कुणाशी तरी भांडत होता. दुसरी सूचना शेवटाची: निदान मंगळसूत्र तरी दाखवा. तिसरी सूचना यायला वेळ लागला. अध्यक्ष पाणी प्यायले.

"नायिकेच्या खोलीत ती तसबीर आहे ना, निळ्या कोटातली," ते म्हणाले. "तशी आमची काही हरकत नाही. पण हा कौटुंबिक पिक्चर. त्यात विषय कशाला? जरा धूसर करता येईल का?"

'तशी आमची काही हरकत नाही' हे वाक्य नेहमी हरकतीच्या अगदी आधीच का येतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

बाईंनी वहीत लिहून घेतलं. "बरोबर आहे साहेब. विषय नको." मी चकित झालो. बाई इतक्या सहज कबूल झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पंधरा दिवसांनी समितीसमोर दुरुस्त पिक्चर लागला. नायिकेच्या भिंतीवर तसबिरीच्या जागी एक धुरकट चौकोन होता. अध्यक्षांनी समाधानानं मान हलवली. मग झेरॉक्सच्या दुकानाचा प्रसंग आला. मशीनवरच्या गणपतीच्या जागी धुरकट चौकोन. कॅलेंडरवरच्या व्यंकटेशाच्या जागी चौकोन. इडलीवाल्याच्या गाडीवरच्या देवीच्या जागी चौकोन. एक प्रसंग याच हॉलच्या पायऱ्यांवर घेतला होता. तिथं लावलेल्या मंडळाच्या संस्थापकांच्या तोंडावरही चौकोन. नायक-नायिका प्रेम करत होते आणि त्यांच्याभोवती सगळीकडे धूर झाला होता.

"हे काय? गणपती कुठाय?" अध्यक्ष उठलेच.

"विषय नको म्हणालात ना? सगळे काढले. कुणावर अन्याय नको."

"बाई, ही थट्टा आहे!"

"विनोदीच पिक्चर आहे साहेब."

समितीतले एक जण सामोपचारानं म्हणाले, "अहो, बाकीचे सगळे राहू द्या की. तेवढा एकच झाका."

बोलणाऱ्यालाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. आणि सुनंदा उभी राहिली. मला कुठंही झापणारी बाई, पण सभेत उभं राहून बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"मग मलाही झाका," ती म्हणाली. "त्या खोलीत मी राहते."

मीही उभा राहिलो. घाईत खुर्ची मागे पडली; तेवढा आवाज माझा.

तिथून आम्ही तिघं बाजारातून चालत निघालो. बाई एका पेरूच्या गाडीशी थांबल्या, पेरू दाबून बघू लागल्या आणि आमच्याकडे न बघता बोलल्या. "मी लहानपणापासून पिक्चर बघते. आमच्या घरासारखं घर पडद्यावर आलं, भिंतीवर ती तसबीर दिसली, की मी ओळखायची: आता इथं कुणीतरी मरणार, नाहीतर हे घर जळणार. लोक रडायचे, बक्षिसं मिळायची. चांगलेच असायचे ते पिक्चर. पण मला वाटायचं, एकदा तरी त्या भिंतीखाली एखादी बाई नुसती आरशात बघून लाजावी. बाकी काही होऊ नये. एवढंच करायचं होतं." मग पेरूवाल्याला म्हणाल्या, "हे काय, सगळे कच्चे? फार छान. ठेवणीतले दिसताहेत."

मंडळात न लागलेला पिक्चर शेवटी नरसिंगरावांच्या दुकानावरच्या शिकवणीच्या वर्गात लागला, रविवारी दुपारी, खिडक्यांना काळे कागद चिकटवून. धूर काढून टाकला होता; सगळे देव आणि सगळी माणसं आपापल्या भिंतींवर परत आली होती. विद्यापीठातली मुलं आली, प्राचीच्या मैत्रिणी आल्या, इडलीवाला आला, मंडळाच्या समितीतल्या एक बाई तोंडाला ओढणी बांधून आल्या. पिक्चरमध्ये तीन भाषा. प्रत्येक विनोदाला खोलीतले थोडे लोक हसायचे आणि उरलेले त्यांच्याकडे बघून हसायचे. नायिका आरशात बघते तिथं कुणी हसलं नाही, आणि 'दोनों साइड'ला कुणी हललंही नाही. बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या मागच्या भिंतीला टेकून लोकांची डोकी बघत होत्या.

नंतर एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, ही प्रेमकथा कशी? दोघं एकदाही तसं म्हणत नाहीत."

"तुमचा प्रबंध कशावर आहे?"

"प्रेमकवितेवर."

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्हाला उशीर झालाय."

शाखेत अर्थातच चर्चा झाली, की ही बाईंची स्वतःचीच गोष्ट असणार. मी धीर करून विचारलं. "मी कुठं प्रबंध तपासले कदम?" त्या म्हणाल्या. "मी पॉलिस्या तपासल्या. त्यात माणूस मेल्यावरच गोष्ट पुढं सरकते."

महोत्सवांनी पिक्चर नाकारला. एका ठिकाणाहून फार प्रेमळ पत्र आलं: मांडणी आवडली, परंतु अशा पार्श्वभूमीच्या कथेत संघर्ष अधिक तीव्र हवा होता. बाईंनी ते मला वाचून दाखवलं. "नायिका रडली असती तर घेतला असता. हसली, म्हणून अडलं." मग प्राचीनं तो इंटरनेटवर टाकला. किती लोकांनी पाहिला ते सांगत नाही. मंडळाच्या कोजागिरीच्या मसाला दुधाला याहून जास्त लोक असतात. माझ्या वहिनीनं, अण्णांच्या बायकोनं, मात्र तो फोनवर तीनदा पाहिला आणि सुनंदाला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, पुढं दोघांचं काय झालं गं? अण्णांनी पाहिला की नाही, माहीत नाही. एकदा जिन्यात भेटले तेव्हा रेलिंगवरची धूळ बोटानं बघत म्हणाले, "सुनंदाचा आवाज बरा आलाय." आमच्या घराण्यात क्षमा मागायची पद्धत नाही, त्यामुळे हे वाक्य कोणत्या खात्यात धरायचं ते मला ठरवता आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाईंच्या थोरल्या बहिणीला नांदेडला अर्धांगवायूचा झटका आला. बघणारं कुणी नव्हतं. बाईंनी विद्यानगरची जागा सोडली आणि निघाल्या. काचीगुडा स्टेशनवर त्यांना सोडायला मी एकटाच गेलो होतो; सुनंदा आदल्या दिवशी भेटून आली होती. दोघी काय बोलल्या ते मला सांगितलं गेलं नाही, आणि ती माझीच कमाई होती. मला बाईंशी त्या जिन्यातल्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं. तीन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "असू द्या कदम. नंतर पत्रा नीट धरलात."

"दुसरा पिक्चर?" मी विचारलं.

"लिहितेय. दोन म्हाताऱ्या बहिणींचा. एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला गप्प बसता येत नाही."

"म्हणजे प्रेमाचा नाही."

"तुम्ही पॉलिस्याच तपासा," त्या म्हणाल्या.

दुपारची वेळ. फलाटावर सावलीत पंख्याखाली एकच बाक, त्यावर बाई आणि त्यांच्या तीन पिशव्या. शेजारी कॉलेजातलं एक जोडपं उभं होतं, हलक्या आवाजात कडाक्याचं भांडत. मुलगी रडकुंडीला आली होती. मुलगा तिची बॅग छातीशी धरून तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा सुरू करत होता आणि दर वेळी चुकीच्या ठिकाणी संपवत होता. बाईंनी थोडं ऐकलं. मग उठल्या, दोन पिशव्या उचलल्या, तिसरी माझ्या हातात दिली आणि छप्पर संपतं त्याच्या पलीकडे उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, ऊन आहे," मी म्हटलं.

"मला दिसत नाही का? पाठीला शेक चांगला असतो. तुम्हीही घ्या."

मागे ती दोघं बाकावर बसली. मुलगा काहीतरी म्हणाला. मुलगी हसली असावी. पाण्याची बाटली खाली पडल्याचा आवाज आला आणि दोघंही हसू लागली. मी वळून बघायला गेलो, तर बाईंनी माझ्या कोपरावर चापट मारली.

"समोर बघा," त्या म्हणाल्या.

गाडीला अजून वीस मिनिटं होती. बाई तेवढा वेळ उन्हातच उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेऊन, बाकाकडे पाठ करून, रिकाम्या रुळांकडे अगदी लक्षपूर्वक बघत.